धातू, रबर आणि उष्णता : खानदेशाच्या संदर्भात

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्डो सेमन याने पीव्हीसी या ताठर पदार्थास रबरासारखा मऊपणा आणला. या दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. मात्र ज्या ‘धातू’ या संज्ञेखाली राजवाड्यांनी मराठी क्रियापदांची मुळे शोधली, तिच्या दुसऱ्या अर्थाच्या मर्यादा पुढे अशाच मऊ पदार्थांनी ढिल्या केल्या.

वीज वाहणे हे धातूचे लक्षण आणि लवचीकपणा रबराचे, ही विभागणी दीर्घकाळ रूढ होती. ताणलेले रबर तापविल्यास आखडते, हे इंग्लंडात जॉन गफ याने १८०५ मध्ये नोंदविले. जूलने १८५९ मध्ये मोजमापांनी त्यास पुष्टी दिली. खानदेशात याच जातीचा अनुभव पाइपाच्या रूपाने आला. भवरलाल जैन यांनी जळगावात १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइपांचे उत्पादन सुरू केले. शेतावर पाइपाचे टोक जाळावर धरतात. सुमारे ८० अंशांपुढे ते नरमले की दुसरा पाइप त्यात दाबून बसवितात. निवाल्यावर सांधा पक्का होतो. परंतु रुंदावलेले तेच टोक मोकळे करून पुन्हा तापविले, तर ते मूळ घेराकडे परतू लागते. ताणल्या गेलेल्या रेणुशृंखला उष्णतेने सैल होऊन पूर्वस्थिती घेतात. रबराच्या आखडण्यामागेही कारण बहुतांशी हेच. असे ज्ञान दप्तरांत व बाडांत सापडावयाचे नाही. ते विचारून टिपून घ्यावे लागेल, आणि १९८० साली पंचविशीत असलेले जोडारी आज सत्तरीत आहेत.

या पाइपातून वीज मात्र वाहत नाही. तारेचे वेष्टनही म्हणूनच पीव्हीसीचे. ती मर्यादा १९७७ मध्ये ओलांडली गेली. शिराकावा, मॅक्डायर्मिड व हीगर यांनी पॉलिॲसिटिलीनच्या पटलास आयोडिनची वाफ दिली आणि त्याची विद्युत्वाहकता कोट्यवधी पटींनी वाढली. त्यांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ते पटल उष्णतेने आकार बदलणारे नव्हते. तो गुण फिंकेलमान याने १९८१ मध्ये सिद्ध केलेल्या द्रवस्फटिकी रबराच्या वंशात आढळतो. ते तापविल्यास एका दिशेने आखडते व निवाल्यास पुन्हा लांबते; पाइपास हे परतणे साधत नाही.

दोन्ही गुणांची सांगड घालणारे एक मिश्रण २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाले. अशा रबरात गॅलियम-इंडियमचे द्रवरूप थेंब मिसळले. दाबाने थेंब परस्परांस जोडले की त्यातून वीज वाहते. ‘धातु’ शब्दाच्या मुळाशी ‘धा’, म्हणजे धारण करणे, आहे. येथे धारण करते ते रबर. गॅलियम तर एकटाही सुमारे २९.८ अंशांवर वितळतो. जळगावच्या वैशाखात तो सावलीतही घन राहावयाचा नाही.