काचबिंदूच्या ओपीडीत विद्यार्थी प्रश्न विचारायला आला तर?

तुम्ही मेडिकल कॉलेजच्या नेत्र विभागात बसला आहात. केसपेपर हातात आहे, नंबर यायला अजून तासभर आहे. तेवढ्यात पांढरा कोट घातलेली एक विद्यार्थिनी येते आणि म्हणते, "काका, काचबिंदूवर माझा एक छोटा अभ्यास चालू आहे. थोडे प्रश्न विचारले तर चालेल का?"

अशा वेळी अनेकांच्या मनात शंका येते. आपल्यावर प्रयोग तर नाही ना? नाही म्हटले तर डॉक्टर रागावतील का? खरे सांगितले तर ओरडा बसेल का? या लेखात या शंकांची उत्तरे दिली आहेत.

हा अभ्यास काय असतो?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख व्हावी म्हणून भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर) 1979 पासून अल्प मुदतीची विद्यार्थी संशोधन योजना चालवते. विद्यार्थी आपल्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांत एक छोटा विषय पूर्ण करतो. काही विद्यार्थी उन्हाळी सुट्टीत कॉलेजपुरता असा प्रकल्प करतात. बहुतेक वेळा त्यात प्रश्न विचारणे, केसपेपरमधील नोंदी घेणे आणि साध्या तपासण्या एवढेच असते.

काचबिंदूचाच अभ्यास का?

काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. बहुतेक रुग्णांत त्यामागे डोळ्याचा वाढलेला दाब असतो. हा दाब साधारण 10 ते 21 दरम्यान असतो, पण काहींना याच मर्यादेत असतानाही काचबिंदू होतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. नजर कडेकडून कमी होते आणि समोरचे बराच काळ स्वच्छ दिसते. गेलेली नजर परत येत नाही. उपचाराने फक्त उरलेली नजर वाचवता येते.

इथेच अडचण येते. थेंब घातल्याने काही बरे वाटत नाही आणि चुकवल्याने लगेच बिघडतही नाही. त्यामुळे थेंब चुकतात. अमेरिकेत 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना थेंब मोफत दिले होते आणि वापराची नोंद यंत्राने होत असल्याचे सांगितलेही होते. तरीही सुमारे 45 टक्के रुग्णांनी तीन-चतुर्थांशापेक्षा कमी वेळा थेंब घातले. तपासणीची तारीख जवळ आली की मात्र वापर वाढत असे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. तपासणीआधी आठ दिवस नियमित थेंब घातले तर त्या दिवशी दाब चांगला येतो. डॉक्टरांना वाटते उपचार लागू पडतो आहे. मधल्या तीन महिन्यांत नसेचे काय झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही.

एक साधा प्रश्न

माझ्याकडे ब्लड प्रेशरसाठी येणारे एक निवृत्त शिक्षक आहेत. दोन वर्षे त्यांच्या डोळ्याचा दाब प्रत्येक तपासणीत ठीक येत होता, पण फील्ड टेस्ट म्हणजे नजरेच्या कक्षेची तपासणी दर वेळी थोडी खालावत होती. मीही त्यांना "डोळ्याचे थेंब चालू आहेत ना?" असे विचारायचो. ते "हो" म्हणायचे आणि मी पुढचा केसपेपर घ्यायचो.

नेत्र विभागात एका विद्यार्थिनीने त्यांना वेगळा प्रश्न विचारला, "थेंबांची एक बाटली तुम्हाला किती दिवस पुरते?" ते सहज म्हणाले, "तीन-चार महिने जाते की."

दोन्ही डोळ्यांत रोज एक थेंब घातला तर महिन्याला 60 थेंब लागतात. अडीच मिलीची बाटली साधारण महिनाभरच पुरते. शिवाय बहुतेक थेंब बाटली उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात. खर्च परवडत नाही, हे सांगायचा त्यांना संकोच वाटत होता. खरे कारण कळल्यावर नेत्रतज्ज्ञांनी परवडणारे औषध लिहून दिले. गेलेली नजर आली नाही, पण आता बाटली महिन्यात संपते.

"चालू आहेत ना?" या प्रश्नाला कोणीही "हो" म्हणतो. म्हणून विद्यार्थ्याला खरे सांगा, आणि तेच तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. विद्यार्थी तुमचा उपचार बदलू शकत नाही.

तुमचे हक्क

- अभ्यासाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आहे का, हे विचारा.
- माहितीपत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत हवे. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून घ्या आणि मगच सही किंवा अंगठा द्या.
- तुम्ही नाही म्हणू शकता, मध्येच थांबूही शकता. त्यामुळे तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये.
- तुमचे नाव गुप्त राहिले पाहिजे आणि अभ्यासाच्या तपासणीचे पैसे तुमच्याकडून घेतले जाऊ नयेत.
- जास्तीची तपासणी किंवा नवे औषध असेल, तर त्याविषयी स्पष्ट विचारून घ्या.

काय सांगायला विसरू नका

- आठवड्यात किती वेळा थेंब चुकतात आणि का: खर्च, विसर, जळजळ की हात थरथरणे.
- थेंब कोण घालते. शक्य असल्यास घालून दाखवा. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून धरा. दुसरे औषध पाच मिनिटांनी घाला.
- दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असण्याचा त्रास. टिमोलॉलच्या थेंबांनी हे त्रास वाढू शकतात.
- स्टिरॉइडच्या गोळ्या, मलम किंवा डोळ्याचे थेंब. यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो.
- आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू आहे का. तुम्हाला असेल, तर तुमच्या भावंडांची आणि चाळिशीच्या आसपासच्या मुलांची तपासणी करून घ्या.

लगेच डॉक्टरांकडे कधी जावे?

डोळा अचानक लाल होऊन खूप दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, नजर धूसर झाली, सोबत डोकेदुखी किंवा उलटी झाली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. पित्त समजून थांबू नका. थेंबांनी धाप लागली किंवा चक्कर आली, तरी डॉक्टरांना लगेच कळवा. त्यांना न विचारता औषध परस्पर बंद करू नका.

आज घरी गेल्यावर चालू बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. पुढच्या तपासणीला ती बाटली सोबत न्या.