भोर-वेल्ह्यातील कातकरी आणि जमिनीचा पुरावा

अष्टप्रधानांत सचिव अथवा सुरनीस ह्या अधिकाऱ्याचे काम दप्तराचे होते. राजपत्रांतील मजकूर शुद्ध करणे आणि महाल-परगण्यांचा हिशेब तपासणे ही त्याची जबाबदारी. राजाराम महाराजांच्या काळात हे पद शंकराजी नारायण ह्यांच्याकडे होते. त्यांच्या घराण्याकडे जो मुलूख राहिला, त्याचेच पुढे भोर संस्थान झाले. सुमारे अडीचशे वर्षे दप्तरदाराच्या घराण्याखाली असलेल्या ह्या डोंगरी प्रदेशात कातकऱ्यांच्या भूमिहक्काचा प्रश्न आजही कागदापाशीच येऊन अडतो. हा अडथळा परंपरेने आलेला आहे, अशी एक सार्वत्रिक समजूत आढळते. ती तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मावळातील जुनी न्यायपद्धती पाहता ही समजूत टिकत नाही. रोहिड खोरे, हिरडस मावळ, गुंजण मावळ येथील वतनांचे तंटे गोतसभेपुढे चालत आणि निर्णयाचा महजर होई. डॉ. वि. त्र्यं. गुणे ह्यांच्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथाने (१९५३) ह्या पद्धतीचे स्वरूप अभ्यासकांस परिचित करून दिले आहे. महजर हा कागद खरा, परंतु त्याचा पाया तोंडी साक्षीचा असे. शिवेच्या वादात महाराची साक्ष विशेष मोलाची मानीत. ज्यास लिहिता येत नसे त्याची निशाणी चाले. कागद साक्षीनंतर जन्मास येई. साक्षीस उभे राहण्यासाठी आधी कागद आणावा लागे, असे नव्हते.

मग कातकरी ह्या कागदांत का नाही? कारण गोतसभा ही गावगाड्याची सभा. देशमुख, पाटील, कुळकर्णी, मिरासदार, बलुतेदार ह्यांस तेथे स्थान होते. कातकरी वतनदार नव्हता, मिरासदार नव्हता आणि बलुतेदारही नव्हता. बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्यास जुने दप्तर ‘उपरी’ म्हणते. आज ह्या शब्दात तुच्छता आली आहे. मुळात तो धारापद्धतीतील एक दर्जा होता. कातकऱ्यास तेवढाही दर्जा नव्हता, कारण तो गावाची पांढरी-काळी सोडून रानात वावरणारा. ‘कुळ’ आणि ‘कूळ’ ह्या जोडीतही हेच दिसते. प्रत्येक कातकऱ्यास कुळ, म्हणजे वंश, आहे. परंतु मुंबई कुळवहिवाट कायद्याने (१९४८) १ एप्रिल १९५७ रोजी कुळांस मालकी दिली, तेव्हा जो मजुरीने किंवा चाकरीने राबत होता त्यास ‘कूळ’ म्हणून दाखविणारी नोंदच नव्हती.

जमातीचे नावही रानातलेच. संस्कृत ‘क्वाथ’ ह्यापासून ‘काथ’, ‘कात’. खैराचा गाभा उकळून कात काढणारा तो कातकरी किंवा काथोडी. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या वनकायद्याने राखीव रान वेगळे काढले आणि खैरावरचा हात आखडला. धंदा गेला, नाव राहिले. कोळसा पाडणे, वीटभट्टी, मासेमारी, शेतमजुरी ही नंतरची कामे. ती माणसास एका गावी ठरू देत नाहीत. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात (खंड ७, १९०५) कातकरी बोलीची नोंद कोकणच्या बोलींबरोबर आहे. घाटमाथ्यावरचा कातकरी त्यामुळे पुष्कळदा अभ्यासकांच्या नजरेआड राहतो.

वस्तुतः भोर संस्थान सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेले होते. सुधागड तालुका घाटाखाली, तर विचित्रगड, प्रचंडगड, राजगड हे तालुके वर. (वेल्हे तालुक्यास अलीकडे दिलेले ‘राजगड’ हे नाव अशा रीतीने संस्थानी दप्तरात पूर्वीच होते.) ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, भोर व वेल्हे पुणे जिल्ह्यात राहिले. घाटवाटांनी खालीवर जाणाऱ्या लोकांमध्ये जिल्ह्याची सीमा आली. दुसरी गोष्ट अधिक परिणामकारक ठरली. १९३५ च्या कायद्यान्वये जे ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरले, ते ब्रिटिश प्रांतांतील होते. भोर संस्थान असल्याने त्या विचारात नव्हते. सिमिंग्टन ह्यांची आदिवासीविषयक चौकशीही त्याच प्रदेशांपुरती होती. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर ह्या तालुक्यांतील गावे अनुसूचित क्षेत्रात आली. भोर-वेल्हे आले नाहीत. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्यात वाडी-पाड्याला स्वतंत्र गाव मानण्याची जी सोय आहे, ती येथे नाही. कातकरी वाडी मोठ्या गावाच्या ग्रामसभेत अल्पसंख्य म्हणून बसते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आपल्या प्रास्ताविकात घातले. राज्यसंस्थेने आदिवासींपुढे दिलेली ही कबुलीच होय. परंतु माझ्या मते ह्या कायद्याचा गाभा नियम १३ मध्ये आहे. तेथे सरकारी कागदांबरोबर घर, झोपडी, विहीर, दफनभूमी, देवस्थान ह्या भौतिक खुणा, वंशावळ आणि अर्जदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन, हे सर्व पुरावे मान्य आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने तर उपविभागीय व जिल्हा समित्यांनी विशिष्ट प्रकारच्याच कागदाचा आग्रह धरू नये, असे स्पष्ट सांगितले. महजराची रीत ह्यात ओळखीची वाटते; फरक एवढाच की ह्या वेळी साक्षीच्या फडात कातकऱ्यास जागा आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये डेल्गामूक खटल्यात गित्क्सन व वेट्सुवेटेन लोकांच्या मौखिक इतिहासास लेखी पुराव्याच्या बरोबरीने तोलले पाहिजे असा निर्णय दिला, तेव्हा तो तेथील कायद्यात नवा टप्पा मानला गेला. मावळच्या इतिहासास तो तितकासा नवा वाटू नये.

तथापि ह्या कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो वनजमिनीपुरता आहे. कातकऱ्यांच्या कित्येक वाड्या खाजगी सातबाराच्या जमिनीवर, जुन्या मालकाच्या तोंडी परवानगीने वसल्या. पुण्याच्या सान्निध्याने जमिनीस भाव आला, मालक बदलले, आणि नव्या मालकास ती परवानगी ठाऊक नसते किंवा ठाऊक असून नको असते. वाडीचे गावठाण घोषित करण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १२२ मध्ये आहे. तो वापरला जाणे हे अर्ज, मोजणी आणि अधिकाऱ्याची इच्छा ह्यांवर अवलंबून. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत कातकऱ्यांस पक्के घर देऊ केले आहे. कातकरी, कोलाम व माडिया गोंड ह्या महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित जमाती. पण घर बांधावयाचे ते कोणाच्या जागेवर, हा प्रश्न योजनेच्या आधीचा आहे.

येथे भाषेच्या अभ्यासकास काम आहे. दफनभूमी, देवाची जागा, पाणवठा, कोळशाच्या भट्टीचे ठिकाण, ह्यांस वाडीत जी नावे आहेत ती महसुली नकाशावर बहुधा नसतात. नाव कोण घेते, कोणाकडून ऐकले, त्या जागी कोणाला पुरले, हे वृद्धांच्या तोंडून तारखेनिशी, वंशावळीसह लिहून घेतले, तर ते बोलीचे साहित्य होईलच. शिवाय नियम १३ प्रमाणे दाव्यासही जोडता येईल. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यासाठी भोरचा पश्चिम भाग आणि वेल्ह्याचे घाटमाथ्यालगतचे गाव निवडल्यास, टिपणवहीत गावाच्या नावाआधी वाडीचे नाव लिहावे.