दहा नंबरचा चष्मा

आमच्या घरात आजोबांच्या चष्म्याविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येई. 'त्यांना दहा नंबर होता.' निजामी अमलात ते जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. हिशेबाच्या वह्या लिहिताना ते चष्मा काढून ठेवत; नजर इतकी गेलेली की चष्म्याचाही उपयोग नाही, असा घरच्यांनी त्याचा अर्थ लावला होता. पुढे आत्याला शाळेतला फळा दिसेना, तेव्हा तिला चष्मा लावलाच नाही. लावला तर हिचाही नंबर वाढत वाढत दहावर जाईल, मग लग्न कसे जमणार? चौथीनंतर तिची शाळा सुटली.

काही वर्षांपूर्वी जुन्या ट्रंकेत तो चष्मा सापडला. पत्र्याच्या डबीत एक चिठ्ठी आणि तिच्यावर शाईने लिहिलेला १० हा आकडा. पण काचेची कड दहा नंबरला शोभेल इतकी जाड नव्हती. दुकानदाराने ती यंत्रावर ठेवून पाहिली आणि म्हणाला, "मायनस चार."

चिठ्ठी खरी होती आणि यंत्रही खरे होते. पूर्वी चष्म्याचा नंबर म्हणजे काचेचे नाभीय अंतर, तेही इंचांत. काच जितकी जोरकस, तितके हे अंतर कमी. म्हणून २० नंबरची काच सौम्य आणि ५ नंबरची तीव्र. त्यात पॅरिसचा इंच इंग्रजी इंचाहून मोठा, म्हणजे गोंधळात भर. १८७२ मध्ये फ्रेंच नेत्रवैद्य फर्दिनां मोनोये यांनी मीटरवर बेतलेल्या मापाला 'डायॉप्टर' हे नाव सुचवले आणि १८७५ च्या ब्रुसेल्स परिषदेत हे माप स्वीकारले गेले. नाभीय अंतर एक मीटर असेल तर १ डायॉप्टर, अर्धा मीटर असेल तर २, पाव मीटर असेल तर ४. आकड्याची चाल उलटी झाली. दुकानांतला इंचांचा हिशेब मात्र लगेच सुटला नाही. मीटरचे इंच सुमारे ४०. त्याला १० ने भागले की ४ येतात.

आपण आजही 'नंबर' म्हणतो, तो त्याच काळाचा अवशेष असावा असे मला वाटते. उणे नंबर खरे तर अंतरच सांगतो. उणे चारच्या डोळ्याला साधारण वीतभर अंतरापर्यंत चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते. आजोबांची वही तेवढ्याच अंतरावर असे.

मराठीने चष्म्याला 'चाळिशी' म्हटले, ते उतारवयातल्या वाचनाच्या चष्म्यामुळे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर लिहिताना विजयनगरच्या व्यासरायांचा, सुमारे १५२० चा दाखला दिला आहे. तेही वयस्क, आणि पोथी वाचणारे. असा चष्मा विद्वत्तेची खूण ठरतो. लांबचे न दिसणाऱ्या पोरीसाठी मात्र घरगुती शब्दही नव्हता. 'ऱ्हस्वदृष्टी' हा पाठ्यपुस्तकातला. अशा डोळ्याचा गोल लांबट असतो आणि प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. वाढत्या वयात हा गोल आणखी लांबतो, म्हणून नंबर वाढतो. दोष चष्म्याला लागतो. मुद्दाम कमी नंबरची काच दिल्याने ही वाढ थांबत नाही, हे पुढे मुलांवरच्या चाचण्यांत दिसले.

मध्यंतरी आत्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्याआधी डोळ्याची लांबी मोजतात. तिच्या कागदावर २५ मिलिमीटर लिहिले होते. सर्वसाधारण लांबी साडेतेवीसच्या आसपास असते आणि एक मिलिमीटर जास्त म्हणजे ढोबळमानाने अडीच नंबर. आकडेमोड करून तिला म्हणालो, "आत्या, तुझाही चारच्या आतबाहेर असणार. शाळेत होतीस तेव्हा तर त्याहून कमी."

तिने आजोबांची चिठ्ठी मागून घेतली आणि नव्या डोळ्याने बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, "म्हणजे फळा दिसला असता?"

"दिसला असता," मी म्हणालो.