आधी गाव, मग वॉर्ड

डॉक्टर खेड्यात जात नाहीत, ही तक्रार स्वातंत्र्याहून जुनी. १९४६ साली भोर समितीने समाजाच्या आरोग्याकडे पाहणारा वैद्य घडवायला हवा असं सांगितलं, पण तो घडायचा मोठ्या शहरांतल्या इस्पितळांतच. विद्यार्थी गाव बघायचा ते शिकून संपल्यावर, तेही जमलं तर. वर्धा जिल्ह्यात हा क्रम उलटा करून पाहिला गेला.

या कपाशी, तूर आणि ज्वारीच्या मुलखात त्यासाठी जमीन आधीच तयार होती. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले; पुढे या गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्याच वर्षी मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्री नावाच्या कुष्ठरोगी पंडितांचं मालीश खुद्द गांधीजी करत. १९५१ नंतर गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्देकरांनी घरोघरी पाहणी, मग लोकशिक्षण, मग औषध, अशी पद्धत बसवली. रुग्ण येण्याची वाट न बघता त्याच्या दारात जायचं, ही रीत इथे अशी मुरली.

सुशीला नायर या त्याच घडणीतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज कॉलेजातून शिकून आलेल्या या तरुण डॉक्टरने सेवाग्राम परिसरातली कॉलऱ्याची साथ जवळपास एकटीने हाताळली. कस्तुरबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने स्त्रिया व मुलांसाठी पंधरा खाटांचा दवाखाना उभा राहिला, तोही बिर्लांनी बांधलेल्या अतिथिगृहात. पुढे त्या केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. वैद्यकीय शिक्षण खेड्यात न्यावं ही लालबहादूर शास्त्रींची सूचना त्यांनी मनावर घेतली आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, याच दवाखान्याभोवती महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. पहिली तुकडी ६० जणांची.

नव्या विद्यार्थ्याचा पहिला मुक्काम आश्रमात: पंधरा दिवस प्रार्थना, सूतकताई, झाडलोट. अंगावर खादी. त्यानंतर समाजसेवा शिबिर. पूर्ण तुकडीने एक गाव घ्यायचं, तिथेच राहायचं, आणि प्रत्येकाने चार-पाच कुटुंबं आपली मानायची.

शिबिरं काय, कुठलंही कॉलेज भरवतं. सेवाग्रामचं वेगळेपण शिबिर उठल्यानंतर सुरू होई. पुढची काही वर्षं विद्यार्थ्याने दर महिन्याला त्याच घरांत जायचं. या महिन्यात गरोदर असलेली सून पुढच्या फेरीला बाळंतीण दिसे. लोहाच्या गोळ्या डब्यात तशाच पडून आहेत हेही दिसे. निम्मे विद्यार्थी महाराष्ट्राबाहेरचे, म्हणजे रक्तदाब मोजण्याआधी मराठी शिकणं आलंच.

गावाला यातून काय मिळालं, हा प्रश्न मात्र विचारायला हवा. ओसरीवर बसून कुणी वर्षानुवर्षं आपल्या घरच्या संडासाची, पाळण्याची, उधारीची माहिती विचारणार, तर बदल्यात काही हवंच. त्याचं थोडं उत्तर संस्थेतल्याच डॉ. उल्हास जाजूंच्या ज्वारीच्या योजनेत सापडतं. १९८० च्या आसपास सुरू झालेल्या या योजनेत सुगीनंतर, घरात धान्य असतानाच, कुटुंबाने आरोग्यविम्याची वर्गणी ज्वारीत द्यायची. ज्याची जमीन जास्त त्याचं माप मोठं, मजुराचं लहान. मात्र गावातली ७५ टक्के घरं सामील झाली तरच योजना लागू. वर्गणीच्या बळावर मजूरही इस्पितळात हक्काने जाऊ लागला. विमा कंपनीच्या कुठल्याही दलालाला हे सुचलं नसतं.

या संस्थेत पदव्युत्तर जागा हवी तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा, असा नियमही होता. एमबीबीएसच्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. काहींनी ती घोकून सोडवली असणार, तरी शहरी घरातल्या मुलाला त्यासाठी गांधी एकदा वाचावे लागत. देशभरासाठी एकच ‘नीट’ प्रवेशपरीक्षा आली आणि ती प्रश्नपत्रिका गेली.

अलीकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आणला. कागदावर तो सेवाग्रामच्या रीतीच्या बराच जवळचा आहे. पण शहरातल्या कॉलेजची बस सकाळी गावात पोचते आणि जेवणाच्या वेळेला परत फिरते. गावातले मजूर तेव्हा वावरात असतात.