देवरुखच्या पार्वतीबाई

मंडळाचा वर्धापनदिन हा हिशेबाचा दिवस. वर्षभरात कोणते वर्ग चालले, वर्गणी किती जमली, शिल्लक किती उरली, हे स्मरणिकेत यायचेच. परंतु ज्या भगिनींनी आपल्या कितीतरी आधी पदर खोचून दारोदार वर्गणी मागितली, त्यांचेही स्मरण अशा दिवशी व्हावे. म्हणून कै. पार्वतीबाई आठवले यांच्याविषयी हे चार शब्द.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुख या लहानशा गावी, जोशी यांच्या घरी झाला. मुलींनी शाळेत जाण्याचा तो काळ नव्हता. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. यजमान पायाने अधू, नोकरी गोव्याकडे. संसार जेमतेम नऊ वर्षांचा झाला आणि विसाव्या वर्षीच त्यांच्यावर वैधव्याची कुऱ्हाड कोसळली. पदरात लहान मुलगा. रूढीप्रमाणे केशवपन झाले. आता जपजाप्य करीत दिवस काढायचे, एवढेच लोकांच्या मते त्यांच्यापुढे उरले होते.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई हीही बालविधवा. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. हीच गोदूबाई पुढे बाया कर्वे म्हणून सर्वांना ठाऊक झाली. पार्वतीबाई जुन्या वळणाच्या; स्वतः पुनर्विवाह करावा असे त्यांना कधी वाटले नाही. तरी मुलाच्या शिक्षणासाठी त्या पुण्यास बहिणीकडे आल्या, आणि मुलाबरोबर आईचेही शिक्षण सुरू झाले.

१८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत गेला. त्याच हिंगण्याला आज आपण कर्वेनगर म्हणतो. पार्वतीबाईंनी या आश्रमाला वाहून घेतले. आश्रमातील मुलींची देखरेख त्यांनी केली, आणि पुढे निधी जमविण्यासाठी त्या गावोगाव हिंडल्या. अनोळखी घराचा उंबरठा चढून मदत मागणे किती जड जाते, हे आपल्यापैकी जिने पावतीपुस्तक हाती धरले आहे तिला सांगायला नको. त्यातून ती बाई विधवा. सकाळी जिचे तोंड पाहू नये असे लोक म्हणत, तीच सभेत उभी राहून बोलत असे.

१९१२ साली त्यांनी केस राखावयास सुरुवात केली. तेव्हा वय बेचाळीस. इतकी वर्षे पाळलेली रूढी विचारपूर्वक सोडणे हे तरुणपणीच्या बंडापेक्षा अवघड असते. टीका झाली, ती त्यांनी सोसली.

याहून मोठे धाडस पुढेच होते. १९१८ साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, इंग्रजीचे ज्ञान अगदी तोकडे असताना त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. भाषा शिकावी, तिकडील स्त्रियांच्या संस्था पाहाव्या, आश्रमासाठी मदत मिळवावी, हा हेतु. पोटासाठी त्यांनी परक्यांच्या घरी घरकाम केले. कष्टात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९२० साली त्या परत आल्या आणि पुन्हा कामाला लागल्या.

जग पाहून आल्या तरी घरसंसाराचे मोल त्यांनी कधी कमी लेखले नाही. मात्र जिचा संसार मोडला आहे तिचे आयुष्य तेथेच संपले, हे त्यांनी मानले नाही. १९५५ साली पंचाऐंशी वर्षांच्या होऊन त्या गेल्या. विसाव्या वर्षी ज्या आयुष्याला लोकांनी पूर्णविराम दिला होता, ते पुढे पासष्ट वर्षे चालले आणि कितीजणींच्या उपयोगी पडले!

हे सारे आपल्याला कळते, कारण त्यांनी १९२८ साली 'माझी कहाणी' लिहून ठेवली. आपल्या घरोघरीही अशा वृद्ध आजी, मावशी, आत्या आहेत. त्यांच्या कहाण्या कोणी लिहिलेल्या नाहीत. भगिनींनो, पुढल्या स्मरणिकेपूर्वी प्रत्येकीने एका आजींजवळ बसावे आणि त्या सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे. 'आता या वयात काय शिकायचे?' असे त्या म्हणाल्या, तर त्यांना देवरुखच्या पार्वतीबाईंची ही हकिकत अवश्य वाचून दाखवावी.