जयगडकरांचे बिऱ्हाड

शास्त्री नदीच्या मुखावर विजापूरच्या अमदानीत उभा राहिलेला, १७१३ साली कान्होजी आंग्र्यांकडे आलेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेला जयगड जोवर खाडीचा पहारेकरी होता, तोवर तटाच्या आश्रयाला घर असणे हीच रयतेची सुरक्षितता होती. परंतु पुढे आगबोटींनी इथल्या तरुणांना मुंबईच्या गिरण्यांकडे नेले, तेव्हा सुरक्षित घराचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. एकटा चाकरमानी गावकीच्या खोलीत वर्गणी भरून पथारी टाकी. मात्र कुटुंब आणावयाचे ठरताच भाड्याइतकाच विचार नळाचा, उजेडाचा, दारूच्या गुत्त्यापासूनच्या अंतराचा आणि मुख्यतः शेजाराचा होई. १८९६ च्या प्लेगने कोंदट वस्तीचे मोल प्राणांनी चुकवावे लागते हे दाखविले, आणि १८९८ मध्ये सरकारने वस्तीसुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. तथापि सरकारी योजनेहून गाववाल्याच्या उघड्या दारावर या माणसांचा भरवसा अधिक होता, कारण पुरुष पाळीवर गेले असता बायकामुलांची जामिनकी तेच दार घेत असे. आज औष्णिक वीजकेंद्र आणि बंदर यांमुळे परगावचे नोकरदार जयगडच्याच परिसरात बिऱ्हाड करू लागले असताना, शेजारधर्माची ती जबाबदारी आता स्थानिक घरमालकांवर आली आहे.