पिंपाच्या फळ्या आणि स्पेनचे आरमार

मराठीत आपण ‘पिंप’ म्हणतो, उर्दूत ‘पीपा’. दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. ‘आरमार’ हा शब्दही त्याच वळणाचा. या दोन शब्दांची गाठ इतिहासात एकदा फार महागात पडली.

एप्रिल १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकने स्पेनच्या काडिझ बंदरात घुसून जहाजे जाळली. ही गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. पुढे पोर्तुगालच्या दक्षिण टोकाशी दबा धरून त्याने किनाऱ्याने जाणारी मालवाहू गलबते पकडली. त्यांत ना सोने होते ना तोफा. होत्या पिंपांच्या फळ्या आणि कडी. त्याच्याच हिशेबाने सोळा-सतराशे टन. त्याने सगळ्यांची होळी केली.

लाकूड जाळले, त्यात काय एवढे? पण फळी म्हणजे नुसते लाकूड नव्हे. ओकचा ओंडका करवतीने न कापता रेषेच्या अंगाने फाडायचा, कारण रेषा तुटली की पाणी झिरपते. मग फळ्या उघड्यावर रचून वर्ष-दोन वर्षे, कधी जास्तही, मुरू द्यायच्या. मध्ये रुंद, टोकांना निमुळत्या तासायच्या, कडांना तिरका उतार द्यायचा, विस्तवावर वाकवून कड्यांत आवळायच्या. ना खिळा, ना सरस. पाण्याने फुगलेले लाकूडच फट बुजवते. फळी ओली असेल तर मात्र ती सुकून आकसते, पिंप गळते, आतला माल नासतो.

राजा फिलिपकडे पैसा होता, मुरलेले लाकूड पुरेसे नव्हते. मे १५८८ मध्ये सुमारे १३० जहाजे लिस्बनहून निघाली आणि जूनमध्येच कुजलेले अन्न, गळकी पिंपे घेऊन त्यांना ला कोरुन्याचा आसरा घ्यावा लागला. लढाईनंतर स्कॉटलंडला वळसा घालून परतताना माणशी रोज अर्धा पौंड बिस्कीट आणि जेमतेम अर्धा लिटर पाणी उरले. सेनापती मेदिना सिदोनियाने घोडे व खेचरे जिवंत समुद्रात ढकलायला लावली. त्यांना पाजायला पाणी नव्हते.

इतिहासकार गॅरेट मॅटिंग्लीने या फळ्यांच्या होळीला काडिझच्या जहाजांहून मोठे मानले. सगळे श्रेय फळ्यांना देणे मलाही पटत नाही. इंग्रजांच्या तोफा होत्या, वादळेही होती. पण आयर्लंडच्या किनाऱ्यावर पाणी शोधत उतरलेल्या खलाशांना आधी तहानेनेच गाठले होते.